तत्त्वे पाठ, क्रम चुकीचा: परिचर्येतील नैतिक निर्णय टप्प्याटप्प्याने कसा घ्यावा

स्वायत्तता, हित साधणे, अपाय टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे परिचर्येच्या परीक्षेत जवळजवळ प्रत्येकाला लिहिता येतात, आणि तरीही वॉर्डात प्रसंग उभा राहिला की निर्णय चुकतो. तत्त्व आठवले नाही म्हणून चूक झाली, असे क्वचितच घडते. चुकतो तो क्रम. रुग्णाने नकार दिला की काही जण "हा त्यांचा अधिकार आहे" असे म्हणून केसपेपरवर दोन शब्द लिहून मोकळे होतात, तर काही जण "त्यांच्या भल्यासाठीच" असे म्हणून हात धरून काम उरकतात. दोघांनीही तत्त्वाचे नाव बरोबर घेतलेले असते, मात्र त्याआधी विचारायचे तीन प्रश्न राहून गेलेले असतात: वेळ किती आहे, नेमके काय घडले आहे, आणि हा निर्णय मुळात कोणाचा आहे.

पुढचे सर्व टप्पे एका कल्पित प्रसंगावर लावून दाखवले आहेत. रात्रपाळी सुरू आहे. पक्षाघातानंतर नीट गिळता येत नसल्यामुळे ७४ वर्षांच्या एका बाईंना नाकातून जठरापर्यंत रायल्स ट्यूब घातलेली आहे. त्यांनी ती दुसऱ्यांदा ओढून काढली आहे आणि त्या अडखळत "नको आता" म्हणत आहेत. मुलगा म्हणतो, "सिस्टर, हात बांधा, पण नळी घाला." केसपेपरवर सूचना आहे की नळी निघाल्यास ती पुन्हा घालावी. वॉर्डात तुम्ही एकट्या आहात आणि आणखी दोन घंटा वाजत आहेत.

## प्रसंग येण्यापूर्वीची तयारी

ऐन वेळी वाचायला सवड नसते, म्हणून तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट नियमांची. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ मध्ये स्वीकारली गेली आणि २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. रुग्ण व सेवा घेणाऱ्या इतर व्यक्ती, परिचर्येचे काम, व्यवसाय आणि जागतिक आरोग्य अशा चार भागांत ती परिचारिकेची जबाबदारी मांडते. ती एकदा सावकाश वाचावी, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण रुग्ण स्वतः ठरवू शकत नसेल तर त्याच्या वतीने कोणी ठरवायचे हे प्रत्येक देशाचा कायदा वेगवेगळे सांगतो. आपल्या परिचर्या परिषदेचे नियम आणि आपल्या रुग्णालयाची लेखी धोरणे, विशेषतः रुग्णाला बांधणे, उपचारास नकार आणि संमती यांविषयीची, कुठे ठेवलेली आहेत हे ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट वरच्या साखळीची. ड्यूटीवरील डॉक्टर, रात्रीच्या पर्यवेक्षक, वॉर्डच्या इन्चार्ज आणि असल्यास नैतिकता समिती, यांना कोणत्या क्रमाने आणि कोणत्या क्रमांकावर गाठायचे हे लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट स्वतःविषयीची आहे आणि बहुतेक जण ती टाळतात. आपल्या घरात असे आजारपण होऊन गेले असेल, तर त्या वेळी जे झाले तेच योग्य किंवा तेच अयोग्य, असा कल मनात आधीच तयार असतो. तो पुसून टाकता येत नाही. मात्र तो आहे हे माहीत असेल तर आपण स्वतःच्या पहिल्या मताकडे जरा संशयाने पाहतो.

## टप्पा १: तातडी नेमकी कशाची आहे ते ओळखा

प्रसंग मिनिटांचा आहे, तासांचा आहे की दिवसांचा, हे सर्वांत आधी ठरवावे. श्वास, रक्तस्राव, फिटचा झटका किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही असेल, रुग्ण बोलू शकत नसेल आणि त्याने आधी दिलेला कोणताही वैध नकार माहीत नसेल, तर आधी जीव वाचवावा. चर्चा नंतर करता येते. अशा वेळी संमतीची वाट पाहत बसणे हीच चूक ठरते.

आपल्या प्रसंगात काय दिसते? श्वास नियमित आहे का, ऑक्सिजनची पातळी ठीक आहे का, नळी ओढताना द्रव अन्न श्वसनमार्गात गेल्याची चिन्हे, म्हणजे खोकला, घरघर किंवा ओला आवाज आहेत का, नाकातून रक्त येत आहे का, हे पाहावे. त्यानंतरचा प्रश्न सहज निसटतो: या बाईंना इन्सुलिन चालू आहे का, आणि शेवटचा डोस केव्हा दिला? संध्याकाळी इन्सुलिन दिलेले असेल आणि त्यानंतर नळीतून जाणारे अन्न बंद पडले असेल, तर रक्तातील साखर उतरण्याचा धोका खरा आहे. ती लगेच मोजली पाहिजे आणि डॉक्टरांना कळवले पाहिजे. पण येथेच बारकाईने पाहावे. तातडी साखरेची आहे, नळीची नाही. साखर शिरेतूनही देता येते. नळीतून जाणारे झटक्यांचे औषध चुकत असेल, तर तेही दुसऱ्या मार्गाने देता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येते. गरज आणि ती भागवण्याचे साधन वेगळे केले की मिनिटांचा वाटलेला प्रश्न तासांचा होतो.

तपासा: "हा निर्णय सकाळपर्यंत थांबला तर नेमके काय बिघडेल?" याचे उत्तर एका ओळीत लिहून पाहा. काहीच लिहिता येत नसेल, तर जाणवणारी घाई बहुधा रुग्णाच्या प्रकृतीची नसून आजूबाजूच्या माणसांची आहे.

## टप्पा २: पाहिलेले आणि मानलेले वेगळे करा

"रुग्ण सहकार्य करत नाहीत" हे निरीक्षण नव्हे, तो निष्कर्ष आहे. "नळीची पट्टी लावताना त्यांनी मान वळवली, माझा हात दूर सारला आणि नाकपुडीकडे बोट दाखवले" हे निरीक्षण आहे. फरक लहान वाटतो, पण पहिले वाक्य वाचणारा डॉक्टर शामक औषध लिहील आणि दुसरे वाचणारा नाकपुडी तपासेल.

म्हणून आधी शरीर तपासावे. नाकपुडीत जखम झाली आहे का, पट्टी त्वचा ओढते का, तोंड कोरडे पडले आहे का, मूत्राशय तुंबले आहे का, किती दिवस शौचास झालेले नाही, वेदनाशामकाची वेळ टळून गेली आहे का? नैतिक पेच म्हणून ज्यावर आपण चर्चा करत बसतो, त्यातील बरेचसे प्रसंग केवळ न दिलेल्या वेदनाशामकाचे किंवा चुकीच्या जागी चिकटवलेल्या पट्टीचे असतात. असा प्रश्न तिथल्या तिथे सुटला, तर पुढच्या टप्प्यांची गरजच उरत नाही.

शारीरिक तपासणीबरोबरच डिलिरियम, म्हणजे अचानक सुरू होऊन कमीजास्त होत राहणारा मानसिक गोंधळ, शोधावा. संसर्ग, ऑक्सिजन किंवा सोडियम कमी होणे, नवी औषधे, वेदना, झोपमोड यांपैकी कशानेही तो होऊ शकतो आणि रात्री वाढतो. लक्ष टिकते का हे पाहण्यासाठी आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगायला सांगावे. बोलणे कठीण असेल तर तुम्ही अक्षरे म्हणत जावे आणि ठरावीक अक्षर आले की त्यांनी हात दाबावा.

सावधान: डिलिरियम झालेला प्रत्येक रुग्ण आरडाओरडा करत नाही. गप्प, सुस्त आणि सर्व गोष्टींना मान डोलावणारा रुग्णही डिलिरियममध्ये असू शकतो. त्याची डोलावलेली मान संमती म्हणून घेतली जाते आणि ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा ३: निर्णय कोणाचा आहे ते ठरवा

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये. सुरुवात या गृहीतकापासून करावी की प्रौढ व्यक्ती स्वतःविषयी निर्णय घेऊ शकते. ती घेऊ शकत नाही असे म्हणायचे असेल, तर ते दाखवून देण्याची जबाबदारी आपली आहे. निर्णयक्षमतेचे औपचारिक मूल्यमापन आणि त्यावरची सही बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची असते, पण दिवसातून दहा मिनिटे भेटणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण रात्री कसा होता हे तुमच्याकडूनच कळते. त्यामुळे तुमचे निरीक्षण मोघम असेल तर त्यांचे मूल्यमापनही मोघमच होते.

निर्णयक्षमतेत चार गोष्टी पाहायच्या असतात, आणि त्या प्रत्येकीसाठी साधा प्रश्न विचारता येतो.

१. सांगितलेले समजले का? "मी आत्ता नळीबद्दल काय सांगितले, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" केवळ "समजले ना?" असे विचारू नये, त्याला सगळेच "हो" म्हणतात.

२. ते स्वतःला लागू आहे हे पटले का? "नळी घातली नाही तर तुमच्या बाबतीत काय होईल असे तुम्हाला वाटते?"

३. पर्यायांची तुलना करता येते का? "नळीपेक्षा नळी नसणे तुम्हाला का बरे वाटते?" कारण आपल्याला पटलेच पाहिजे असे नाही, त्यात काही सलग विचार दिसला की पुरे.

४. निवड सांगता येते का, आणि थोड्या वेळाने विचारल्यावर तीच राहते का?

आपल्या बाईंच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पक्षाघाताने वाचा गेली तर विचारही गेला असे समजले जाते, आणि हा मोठा अन्याय आहे. शब्द सापडत नसले तरी समज शाबूत असू शकते; उलट काही रुग्ण समजले नसतानाही हो किंवा नाही म्हणत राहतात. म्हणून आधी हो-नाही भरवशाचे आहे का ते तपासावे: "हे रुग्णालय आहे का?", "तुम्ही पुरुष आहात का?" अशा उत्तर माहीत असलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर येतात का ते पाहावे. मग तोच मुद्दा उलटून विचारावा. "नळी हवी का?" याला नाही आणि "नळीशिवाय राहायचे का?" याला हो आले, तर त्या उत्तराला वजन आहे. चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले आहे ना, खोलीत उजेड आहे ना, टीव्ही बंद आहे ना, आणि मुलगा थोडा वेळ बाहेर थांबला आहे ना, याचीही खात्री करावी. उपलब्ध असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

या टप्प्यातील नेहमीच्या चुका अशा. आजची तारीख सांगता आली नाही म्हणून रुग्ण अक्षम ठरवला जातो. वास्तविक तारीख विसरलेल्या माणसालाही आपल्याला काय नको हे स्पष्ट कळू शकते. दुसरी चूक याहून खोल आहे: रुग्ण "हो" म्हणेपर्यंत त्याच्या क्षमतेची कोणालाच शंका येत नाही, आणि "नाही" म्हणताच सर्वांना येते. नकार हा अक्षमतेचा पुरावा नाही. तिसरी चूक म्हणजे क्षमता एकदाच ठरवून शिक्का मारणे. ती त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. डाव्या हाताला सुई टोचायची की उजव्या, हे ठरवू शकणारा रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेविषयी ठरवू शकेलच असे नाही, आणि रात्री गोंधळलेला माणूस सकाळी दहा वाजता नीट बोलू शकतो.

क्षमता नाही असे दिसले, तरी निर्णय आपोआप सर्वांत मोठ्या आवाजाच्या नातेवाइकाकडे जात नाही. रुग्णाने पूर्वी लिहून ठेवलेली किंवा स्पष्टपणे सांगितलेली इच्छा आहे का, कायद्याने मान्य प्रतिनिधी कोण आहे, हे पाहावे. त्या प्रतिनिधीलाही "तुम्हाला काय हवे?" असे विचारू नये. "त्या स्वतः बोलू शकल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मुलगा आपली भीती सांगतो, दुसऱ्याला आई कशी आहे ते सांगतो.

लहान मुलांच्या बाबतीत कायदेशीर संमती पालकांची असली, तरी मुलाला त्याच्या वयानुसार समजावून त्याची तयारी विचारणे हे परिचर्येचेच काम आहे.

## टप्पा ४: प्रश्न एका वाक्यात लिहा

"स्वायत्तता की हित?" हा प्रश्न नव्हे, त्याचे उत्तर कोणालाही कुठेही लागू करता येते, म्हणजे कुठेच लागू होत नाही. प्रश्नात व्यक्ती, कृती आणि वेळ असावी. उदाहरणार्थ: "या बाईंच्या निर्णयक्षमतेविषयी आज रात्री खात्री नसताना आणि साखर व पाणी शिरेतून देता येत असताना, त्यांच्या विरोधाला न जुमानता नळी आत्ता पुन्हा घालणे योग्य आहे का?" असे लिहिताच अर्धे उत्तर समोर येते.

येथे आणखी एक भेद करावा. दोन्ही बाजूंना वजनदार कारणे असतील तर तो पेच आहे. योग्य काय हे कळत असूनही अधिकार, मनुष्यबळ किंवा भीती यांमुळे ते करता येत नसेल, तर ती नैतिक घुसमट आहे. अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ मध्ये ही संकल्पना परिचर्येच्या संदर्भात मांडली. पेचाला विचार लागतो, घुसमटीला वरच्या साखळीकडे जाणे लागते. घुसमट असताना आणखी विचार करत बसल्याने माणूस फक्त दमतो.

## टप्पा ५: आता तत्त्वे लावा, पण प्रश्न म्हणून

तत्त्वे हाती घेण्याची वेळ ही आहे, आणि ती निकाल म्हणून न लावता प्रश्न म्हणून लावावीत.

स्वायत्तता विचारते: रुग्णाला खरी माहिती मिळाली का, आणि त्यावर दबाव नव्हता ना? हित विचारते: या कृतीने काय साधणार आहे, आणि ते या माणसाच्या लेखी हित आहे का? आयुष्य चार आठवड्यांनी वाढणे हे एकाला सर्वस्व वाटेल, दुसऱ्याला नाही. अपाय टाळण्याचे तत्त्व विचारते: करण्यानेही आणि न करण्यानेही काय इजा होईल? हात बांधण्याकडे या प्रश्नातून पाहिले की ते किरकोळ काम राहत नाही. बांधल्याने अस्वस्थता वाढते, त्वचेला व रक्ताभिसरणाला इजा होते, उलटी झाल्यास रुग्णाला कूस बदलता येत नाही, आणि धडपडीत पट्ट्यांनी गळा आवळला जाऊन मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून बांधणे हा स्वतंत्र निर्णय आहे. त्याला स्वतंत्र कारण, स्वतंत्र लेखी आदेश, ठरावीक मुदत आणि वारंवार तपासणी लागते. "नळी घाला" या सूचनेत "बांधा" ही सूचना दडलेली नसते.

न्याय बहुधा विसरला जातो. वाजणाऱ्या त्या दोन घंटांमागेही माणसे आहेत. ज्याचे नातेवाईक भांडतात त्याच्या खाटेजवळ आपण जास्त वेळ उभे राहतो आणि ज्याच्याकडे कोणीच नाही तो थांबतो. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणूनच ते मुद्दाम तपासावे लागते. याशिवाय खरे बोलणे, गोपनीयता आणि दिलेला शब्द पाळणे हेही तितकेच बंधनकारक आहे.

तत्त्वे एकमेकांना छेद देऊ लागली, तर कोणते कायम वरचढ हे आधीच ठरलेले नसते. एखादे बाजूला ठेवायचेच असेल तर चार प्रश्नांची उत्तरे "हो" यायला हवीत: साधायचा हेतू खरोखर गंभीर आहे का, या कृतीने तो साधण्याची वाजवी शक्यता आहे का, कमी दुखावणारे इतर सर्व मार्ग संपले आहेत का, आणि निवडलेला मार्ग गरजेपुरताच, गरजेइतकाच वेळ वापरला जाणार आहे का? आपल्या प्रसंगात आज रात्री तिसऱ्याच प्रश्नाला उत्तर "नाही" येते, कारण शिरेचा मार्ग आहे. म्हणजे बळाने नळी घालण्याचा पाया तेथेच ढासळतो.

## टप्पा ६: किमान तीन पर्याय मांडा

दोनच पर्याय दिसत असतील तर विचार अपुरा झाला आहे असे समजावे. येथे निदान एवढे पर्याय आहेत: रात्रीपुरते शिरेतून द्रव आणि साखर देऊन सकाळी निर्णयक्षमतेचे मूल्यमापन; नाकपुडीचे दुखणे शमवून दुसऱ्या नाकपुडीतून बारीक नळी, तीही संमती मिळाल्यास; गिळण्याची फेरतपासणी; दीर्घकाळ गरज असल्यास पोटातून थेट जठरात नळी बसवण्याविषयी चर्चा; आणि रुग्णाचा नकार विचारपूर्वक ठरला तर मुखस्वच्छता, वेदनाशमन व सोबत यांवर भर देणारी परिचर्या. प्रत्येक पर्यायापुढे लाभ, इजा आणि तो मागे घेता येतो का, हे लिहावे. शंका असताना मागे घेता येणारा पर्याय निवडणे शहाणपणाचे.

तपासा: यादीत "तोंडाने थोडे पाजून पाहू" असा पर्याय कोणी सुचवला असेल, तर तो गिळण्याच्या तपासणीशिवाय अमलात आणू नये. रुग्णाची बाजू घेण्याच्या भरात फुप्फुसात पाणी जाऊ देणे हाही अपायच आहे.

## टप्पा ७: आधी रुग्णाशी, मग डॉक्टरांशी, मग नातेवाइकांशी बोला

हा क्रम उलटा झाला की रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याच्याविषयी तिसऱ्याच कोणाशी बोलणे सुरू होते. आधी खाली बसून, नजरेच्या पातळीवर: "आजी, नळी आत्ता घालत नाही. कुठे दुखतंय ते दाखवा." एवढ्यानेच पुष्कळदा धडपड थांबते.

डॉक्टरांना फोन करताना तक्रार सांगू नये. परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण आणि मागणी या क्रमाने बोलावे. "खाट क्रमांक सात, नळी दुसऱ्यांदा काढली आहे. पक्षाघाताचा पाचवा दिवस, संध्याकाळी इन्सुलिन दिले आहे. साखर मोजली आहे, आकडा सांगते. हो-नाही सुसंगत आहे, नळीला सातत्याने नकार आहे, उजव्या नाकपुडीत जखम आहे. बळाने नळी घालणे मला योग्य वाटत नाही. रात्रीपुरता शिरेतून द्रवाचा आदेश आणि सकाळी निर्णयक्षमतेचे मूल्यमापन हवे आहे." शेवटची मागणी न सांगता फोन ठेवणे ही फार मोठी चूक आहे, "बघून घ्या" असे उत्तर अशाच फोनला मिळते.

डॉक्टर तरीही "घालून टाका" म्हणाले तर काळजी पुन्हा एकदा, आणखी स्पष्ट शब्दांत सांगावी: "मला हे सुरक्षित वाटत नाही." त्यावरही बदल झाला नाही तर पर्यवेक्षकांना कळवावे आणि कळवल्याची वेळ लिहावी. एखाद्या कृतीत भाग घेण्यास सद्सद्विवेकाने नकार देता येतो, पण तो वेळेवर, उघडपणे आणि रुग्णाची बाकी शुश्रूषा न सोडता द्यावा लागतो. गुपचूप टाळाटाळ करून काम पुढच्या पाळीवर ढकलणे हा विवेकाचा नकार नव्हे.

मुलाशी बोलताना वाद जिंकण्याचा मोह आवरावा. "हात बांधा" असे म्हणणारा मुलगा बहुधा "आई उपाशी मरेल" याच भीतीने बोलत असतो. "त्यांना पाणी आणि साखर शिरेतून मिळते आहे, रात्री मी दर तासाला पाहणार आहे, सकाळी डॉक्टर तुमच्याशी बोलतील" असे ठोस सांगावे, आणि जे पाळता येणार नाही ते सांगू नये.

## टप्पा ८: कृती आणि नोंद एकाच वेळी

"रुग्णाने नकार दिला, डॉक्टरांना कळवले" ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. वाचणाऱ्याला कळले पाहिजे की किती वाजता काय घडले, रुग्णाचे नेमके शब्द किंवा हावभाव कोणते, कोणती माहिती कशी समजावली, त्यांनी ती परत कशी सांगितली, निर्णयक्षमतेविषयी काय दिसले, कोणत्या डॉक्टरांना किती वाजता काय सांगितले, कोणता आदेश मिळाला आणि पुन्हा केव्हा पाहायचे ठरले. रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत लिहावेत. स्वतःची मते, विशेषणे आणि सहकाऱ्यांवरचे शेरे टाळावेत. चुकलेला शब्द एका रेषेने खोडून सही करावी. पांढरी शाई लावू नये, आणि उशिरा लिहिलेली नोंद उशिरा लिहिली असे नमूद करावे.

सावधान: पुढे संमतीने नळी घालण्याचे ठरले, तर हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे ही जागा तपासण्याची भरवशाची पद्धत नाही. जठरातून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप) ५.५ किंवा त्याहून कमी असल्याची खात्री करावी, शंका असेल तर क्ष-किरण तपासणी होईपर्यंत नळीतून काहीही देऊ नये.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, केवळ "नळी नाही" असे सांगू नये. निर्णय कोणता, कोणाचा, कोणत्या कारणाने आणि कोणत्या वेळेपर्यंतचा, हे चारही सांगावे. नाहीतर सकाळच्या पाळीत कोणीतरी सद्हेतूनेच नळी घालून टाकते आणि रात्रभर जपलेला शब्द पाच मिनिटांत मोडतो.

## टप्पा ९: ठरलेल्या वेळी पुन्हा विचारा

नकार कायमचा नसतो आणि संमतीही कायमची नसते. ठरलेल्या वेळी तोच प्रश्न, त्याच शांतपणे विचारावा. मात्र उत्तर बदलेपर्यंत दर अर्ध्या तासाने विचारत राहणे हा दबावच आहे.

## हा क्रम जिथे हमखास मोडतो

जेवणात औषध मिसळणे. गोळी नाकारणाऱ्या रुग्णाला ती कालवून देणे ही युक्ती वाटते. प्रत्यक्षात निर्णयक्षम रुग्णाच्या बाबतीत ती फसवणूक आहे. क्षमता नसलेल्या रुग्णासाठीही ती परिचारिकेने एकटीने ठरवायची गोष्ट नव्हे. डॉक्टर, औषधनिर्माता आणि प्रतिनिधी यांच्याशी बोलून, लेखी आणि मुदतीचा निर्णय हवा. शिवाय हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर पूर्ण दिवसाचा डोस एकदम शरीरात जाऊ शकतो.

निदान लपवण्याची विनंती. "त्यांना सांगू नका" असे नातेवाईक म्हणतात तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणण्याऐवजी रुग्णालाच विचारावे: "तुमच्या तब्येतीबद्दलची माहिती तुम्हाला स्वतःला हवी आहे, की घरच्या कोणाशी बोलावे असे तुम्हाला वाटते?" माहिती नको म्हणण्याचाही त्यांना अधिकार आहे, पण तो त्यांनी वापरायचा असतो, इतरांनी नव्हे. रुग्णाने थेट विचारले तर खोटे बोलू नये. निदान सांगणे तुमच्या अधिकारात नसेल तर "हा प्रश्न महत्त्वाचा आहे, मी आजच डॉक्टरांना तुमच्याशी बोलायला सांगते" असे म्हणावे आणि त्याच दिवशी ते घडवून आणावे.

स्वतःची चूक. चुकीचे औषध दिले गेले हे लक्षात येताच मनात पहिला विचार येतो तो नोंदवहीचा. क्रम असा हवा: रुग्णाची प्रकृती पाहणे, डॉक्टरांना सांगणे, उतारा किंवा निरीक्षण सुरू करणे, जे दिले तेच केसपेपरवर लिहिणे, घटना-अहवाल भरणे, आणि रुग्णाला कोण, केव्हा सांगणार हे डॉक्टर व इन्चार्ज यांच्याबरोबर त्याच पाळीत ठरवणे. काही इजा झाली नाही म्हणून सांगायचे टाळू नये, आणि अहवाल दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. दुसऱ्या दिवशी वेळा आठवत नाहीत आणि औषधाची रिकामी कुपी तोवर कचऱ्यात गेलेली असते.